यंदा पहिले येत नाहीत

आमचे साहेब बर्फावरच्या हॉकीचे नादी होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, केमिकलच्या वासात आणि उकाड्यात नोकरी करणाऱ्या कुणाला हे सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, बर्फावर हॉकी म्हणजे नेमकं काय? ते आम्हालाही धड सांगता यायचं नाही. पायात पाती लावलेले बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, आणि गोलकीपर असा बांधलेला की गादी उभी करून ठेवल्यासारखा दिसावा, एवढं साहेबांच्या तोंडून ऐकून आमचं पाठ झालं होतं. आमच्यापैकी कुणी तो खेळ कधी पाहिला नव्हता. साहेबांनीही तो शेवटचा पाहिल्याला दहाहून जास्त वर्षं झाली होती.

तरी एप्रिल आला की साहेब बदलायचे. जगभरातल्या टीमांची स्पर्धा त्या सुमाराला असायची. आधीच कमी बोलणारे, ते आणखी कमी बोलू लागायचे. मग एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधला क्लार्क डबा घेऊन आमच्या खोलीत यायचा आणि हळूच विचारायचा, "साहेब, यंदा कसं काय?"

साहेब पोळीचा घास सावकाश संपवायचे. डब्याचं झाकण लावायचे. आणि पेशंटच्या नातेवाइकांना डॉक्टर बाहेर येऊन सांगतात ना, त्या आवाजात म्हणायचे, "यंदा पहिले येत नाहीत."

हे ते चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय टीमबद्दल बोलत असायचे.

आमचा कारखाना पंपांचा होता. सुरुवातीची मशिनं चेकोस्लोव्हाकियातून आली होती आणि ती शिकून घ्यायला कंपनीनं साहेबांना तिकडे दोन वर्षं पाठवलं होतं. ते साठच्या दशकाच्या शेवटी. मी नोकरीला लागले त्याच्या पुष्कळ नंतर, ट्रेसर म्हणून. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग खाली ठेवायचं, वर ट्रेसिंगचा कागद ताणून लावायचा आणि शाईनं गिरवायचं, हे आम्हा तिघी मुलींचं काम. कागद फडफडू नये म्हणून पंखा बंद. तळहाताचा घाम शाईत उतरू नये म्हणून मनगटाला पावडर. मे महिन्यात तर दुपारी चारपर्यंत डोळ्यांपुढे रेघा तरंगायला लागत. साहेब मागून येऊन कागदावर वाकायचे आणि म्हणायचे, "बाई, ही रेघ दमलीय. परत ओढा." ते कधी रागावून बोलले नाहीत. पण "परत ओढा" हे मी त्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं असेल तितक्या वेळा माझ्या आईनं मला नावानं हाक मारली नसेल.

ते उंच होते आणि पाठीत जरा वाकलेले. वर्षाचे बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण डावं मनगट वाकडं होतं. तिकडे एकदा बर्फावर उभं राहायचा प्रयत्न केला त्याची ती खूण. "किती वेळ उभे राहिलात?" असं मी एकदा विचारलं. "उभा राहिलोच नाही," ते म्हणाले.

बर्फ ते खात नसत. उसाच्या रसातसुद्धा बर्फ नको म्हणायचे. फ्रिजचं पाणीही प्यायचे नाहीत. कारखान्यात त्यांचं नाव 'बर्फवाले' पडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

"आपली हॉकी सोडून हे काय साहेब?" असं कुणीतरी विचारायचंच. आपले लोक तेव्हा हॉकीत नुसते हरत होते असंही नाही. साहेब म्हणायचे, "आपली बघणारे पुष्कळ आहेत. यांची इथं कोण बघणार?"

मात्र त्यांचा अंदाज म्हणजे नुसतं 'येत नाहीत' एवढाच नसायचा. क्लार्कनं विचारलं की कारणं यायची, आणि ती ऐकायला हळूहळू पाच-सात माणसं जमायची. गोलकीपर चांगला आहे पण गुडघा दुखावलाय. बचाव करणारे दोघं वय झालेले, पहिल्या दोन भागांत खेळतील, तिसऱ्यात पाय ओढतील. रशियाचे पाचही जण एका हाताची बोटं असल्यासारखे खेळतात, यांचे पाच म्हणजे पाच शहाणे. हे सगळं ते वाशीच्या आपल्या घराच्या गच्चीवर रेडिओ कानाला लावून, खरखरीतून वेचून आणायचे. शिवाय तिकडचं एक खेळांचं साप्ताहिक बोटीनं यायचं. ते हातात पडेपर्यंत त्यातल्या मॅचेस होऊन दोन-अडीच महिने झालेले असत. निकाल ठाऊक असूनही साहेब ते पान न् पान वाचायचे.

सगळ्यांत शेवटी चौथी फळी. त्या खेळात म्हणे माणूस मिनिटभरात दमतो. म्हणून खेळाडूंच्या फळ्या असतात. एक दमली की दुसरी आत, मग तिसरी, मग चौथी. "पहिली फळी सगळ्यांचीच चांगली असते," साहेब म्हणायचे. "फोटो त्यांचेच येतात. मी चौथी बघतो. ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत ते कसे आहेत? तिथं कळतं."

मी लागले त्या वर्षापासून त्यांची टीम दुसरी आली, तिसरीही आली, पण पहिली काही आली नाही. त्यामुळे साहेबांचा अंदाज चुकत नाही असं कारखान्यात पक्कं झालं. काही जण त्यांना पनवती म्हणायचे. मटक्याचा आकडा विचारायला एक वेल्डर आला होता, त्याला त्यांनी हाकलून दिलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका द्यायला मी त्यांच्या घरी गेले. आम्ही मूळचे महाडकडचे. विहारात येणाऱ्या एका काकांनी स्थळ आणलं होतं, मुलगा बँकेत होता, सगळे खूश होते. साहेबांनी पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली आणि विचारलं, "हरल्यावर कसा वागतो ते पाहिलंत का?"

"अहो, काय विचारताय तिला?" काकू आतून म्हणाल्या.

"विचारतोय. कॅरम खेळतो, पत्ते खेळतो, काही तरी खेळत असेल. हरल्यावर काय करतो?"

मी म्हटलं, माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर मी ते पुढे मुद्दाम पाहिलं. माझे यजमान कॅरमला हरले की सोंगट्या गोळा करून डबीत भरतात आणि चहा ठेवतात. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि लग्नाला आले.

काकू म्हणजे साहेबांच्या अगदी उलट, भरपूर बोलणाऱ्या. त्या दिवशी मला लाडू देताना म्हणाल्या, "वर्षातले अकरा महिने हे माझे. एप्रिलमध्ये मी यांना काही विचारत नाही. घरात कुणी आजारी असल्यासारखं असतं. आणि आजारी कोण, तर मी ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशी वीस माणसं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं, जिंकतील असं एखादं वर्ष म्हणून तर बघा. तर म्हणाले, बरं वाटावं म्हणून तसं म्हणायला मी काय त्यांचा पाहुणा आहे?"

कारखान्यात बिनसायला लागलं ते पंचाऐंशीच्या सुरुवातीला. आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग कँटीनमधली भाजी पातळ झाली. मग बोलवा उठली की मालक कारखाना इथून हलवणार, दुसऱ्या राज्यात नेणार, तिकडे जमीनही घेतलीय. युनियननं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, छे, तसं काही नाही. 'हलवणार नाही असं लिहून द्या' एवढीच युनियनची मागणी होती. लिहून कुणी देईना. संपाची भाषा सुरू झाली.

युनियनचे सेक्रेटरी म्हात्रे, फिटर. शिरवण्याचे. त्यांच्या घरची भातशेती नवं शहर वसवताना सरकारकडे गेली होती आणि त्याबदल्यात जी काही नोकरी मिळाली ती ही. जाड मिशा, खणखणीत आवाज, आणि साहेबांबद्दल मोठा आदर, कारण मशीन अडलं की साहेब स्वतः खाली येऊन म्हात्र्यांच्या शेजारी उकिडवे बसायचे.

मार्चच्या शेवटी एका दुपारी म्हात्रे आमच्या खोलीत आले. ट्रेसर म्हणून तेव्हा मी एकटीच उरले होते. बाकी दोघी लग्न होऊन गेल्या होत्या. म्हात्रे दारातच उभे राहिले.

"सायेब, तुमी दरवर्षी त्या बरफाचा सांगता," ते म्हणाले. "यंदा आमचा सांगा. आमी संपावर जानार. काय व्हईल?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, टाळतील. कारण मला माहीत होतं, आणि म्हात्र्यांना माहीत नव्हतं, की दोनच दिवसांपूर्वी मॅनेजर साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून साहेबांना सगळं सांगून गेले होते. मशिनं दिवाळीच्या आत हलणार होती. नव्या जागेचा आराखडा साहेबांनी करायचा होता आणि तिकडचं ड्रॉइंग ऑफिसही त्यांनीच सांभाळायचं होतं, वाढीव पगारावर. "बात इधर ही रहने दो," असं मॅनेजर माझ्याकडेही बघून म्हणाले होते.

"हरणार," साहेब म्हणाले.

म्हात्रे दारातून आत आले. "कशावरना सांगता?"

"मशिनं हलणार आहेत. नक्की. मला आराखडा करायला सांगितलाय. मालकांना ऑर्डरी कमी आहेत, म्हणजे संप झाला तर त्यांचं नुकसान नाही, सोय आहे. आणि तुमची चौथी फळी नाही."

"म्हंजे?"

"फाउंड्रीतली कंत्राटी माणसं. ती तुमच्या युनियनमध्ये नाहीत. तुम्ही गेटवर बसलात की ती आत जाणार. त्यांना पोट आहे. ती आत गेली की मालकाला घाई नाही."

"ती मानसा आपली नाय, सायेब. मराठवाड्यातना आलेली. आज हायेत, उद्या नाय."

"म्हणून म्हणतो, हरणार."

म्हात्रे वळून निघून गेले. मला वाटलं ते चिडले. चिडलेही असतील. पण त्या आठवड्यात ते, कंत्राटी माणसं राहायची त्या दिघ्याच्या झोपड्यांत जाऊन आले असं कानावर आलं. एकदा नाही, चार-पाचदा. पहिल्यांदा त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. कंत्राटी माणसांचा मुकादम म्हणाला होता, "इतकी सालं आमी दिसलो न्हाई का तुमाला?" त्यावर म्हात्रे म्हणाले, नाय दिसलाव. हे मला त्या मुकादमानंच पुढे सांगितलं. म्हणाला, "माणूस खरं बोलला, म्हणून ऐकून घेतलं."

संप सुरू झाला त्या दिवशी फाउंड्रीची भट्टी थंड होती.

मॅनेजर साहेबांच्या टेबलापाशी आले आणि मशिनं हलवायची गोष्ट बाहेर कशी गेली म्हणून विचारू लागले. बघत माझ्याकडे होते. साहेब म्हणाले, "मी सांगितलं." जणू कुणी विचारलं होतं, रबर कुठंय, आणि त्यांनी सांगितलं, खणात आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांना सस्पेंड केलं.

तर साहेब रोज कामाच्या वेळेला वाशीहून बसनं यायचे, आणि आत जाता येत नाही म्हणून गेटसमोरच्या मांडवात बसायचे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मांडीवर डबा, शेजारी रेडिओ. आम्ही स्टाफची माणसं आत जात होतो. काम काही नव्हतं. मी सकाळी आत जायच्या आधी आणि जेवणाच्या सुट्टीत मांडवात येऊन बसायचे. कुणी अडवलं नाही.

तो एप्रिल फार वाईट गेला. मांडवाचं कापड तापायचं, ट्रक जायचे आणि धूळ सगळी अंगावर यायची. सुरुवातीच्या घोषणा पंधरवड्यात दमल्या. मग माणसं नुसती बसायची. कुणी पत्ते खेळायचं, कुणी झोपायचं. बायका डबा घेऊन यायच्या आणि रिकामा घेऊन जायच्या. म्हात्र्यांचा आवाज बसला होता.

त्यात साहेबांची स्पर्धा आली. या खेपेला ती चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीतच होती. कुणीतरी सवयीनं विचारलं, साहेबांनी सवयीनं सांगितलं, "यंदा पहिले येत नाहीत." आणि कारणं सांगितली. सुरुवातीला झालंही तसंच. रशियानं त्यांना सपाटून हरवलं. सकाळचं इंग्रजी बातमीपत्र ऐकून साहेबांनी रेडिओ बंद केला आणि डबा उघडून अवेळीच जेवायला बसले.

म्हात्रे त्यांच्याकडे बघत होते. मग जवळ सरकून त्यांनी विचारलं, आवाज बसलेला असल्यामुळे अगदी खासगीतलं विचारल्यासारखं वाटलं, "सायेब, आमी हरनार म्हनून तुमीच सांगलाव. मंग आमच्यासोबत उन्हान कशाला बसलाव?"

साहेबांनी घास गिळला. आणि इतक्या वर्षांत आम्ही कुणी जे ऐकलं नव्हतं ते सांगायला लागले. वर्गात धडा सांगतात तसं, सरळ.

"तिकडे मी एका म्हाताऱ्याच्या घरी भाड्यानं राहायचो," ते म्हणाले. "कारखान्यात फोरमन होता. पहिल्या थंडीत मला रडू यायचं. मी बोलायचो नाही, त्याला कळायचं. तो मला दर रविवारी मॅचला न्यायचा. उभं राहूनच बघायचं. माणसं इतकी दाटीनं उभी असायची की थंडी वाजायची नाही. मला खेळ कळत नव्हता. ऊब लागते म्हणून जायचो."

"मंग?"

"मग रशियन रणगाडे आले. आमच्या कारखान्यावरून गेले. त्यानंतर गावात कुणी मोठ्यानं बोलेना. पुढच्या मार्चमध्ये ही स्पर्धा आली. मी म्हाताऱ्याला विचारलं, काय होईल. तो म्हणाला, यंदा पहिले येत नाहीत. मग यांची मॅच रशियाशी झाली. जिंकले. आठवड्यानं पुन्हा झाली. पुन्हा जिंकले. सगळं गाव रस्त्यावर आलं. म्हाताऱ्यानं चुलीवरचं पातेलं घेतलं, सूप मोरीत ओतलं, आणि पळीनं बडवत बाहेर पडला. मीही त्याच्यामागे. काय ओरडत होतो मला माहीत नाही, भाषा अर्धीच येत होती."

मांडवातली माणसं सरकून जवळ आली होती. फाउंड्रीचा मुकादमही होता.

"म्हंजे पहिलं आलं," म्हात्रे म्हणाले.

"नाही. तिसरे आले. बाकीच्या मॅचेसमध्ये गेले पॉइंट. पहिले रशियनच."

कुणीतरी हसलं.

"म्हाताऱ्याची फोरमनकी गेली. रस्त्यात पातेलं वाजवताना कुणीतरी पाहिलं होतं. त्याला बॉयलरच्या कामावर टाकलं. मी परत यायला निघालो तेव्हा भेटायला गेलो, तर कोळसा ओढत होता. मी विचारलं, वाईट वाटतं का? तर म्हणाला, पातेल्याला पोचे आलेत, त्याचं बायकोला वाईट वाटतंय."

साहेबांनी डबा बंद केला. त्यांना आणखी काही सांगायचं नव्हतं. मुकादमानं पोराला चहा आणायला पाठवलं आणि साहेबांचा कप आधी भरला. त्या दिवसापासून रोज सकाळच्या बातम्यांच्या वेळी माणसं आपोआप रेडिओभोवती जमायला लागली. शिरवण्याची, दिघ्याची, परभणीकडची. एका शब्दाचा अर्थ कळत नसे. साहेबांच्या तोंडाकडे बघायची.

आणि त्यांची टीम वर येत गेली. पुन्हा रशियाशी गाठ पडली तेव्हा या वेळी यांनीच त्यांना हरवलं. ती बातमी आली त्या दिवशी मांडवात पहिल्यांदाच कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग शेवटची मॅच. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीच्या जागी, रेडिओ कानाला, डोळे मिटलेले. मी त्या दिवशी आत गेलेच नाही. बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी रेडिओ खाली ठेवला, चष्मा काढला, तो शर्टाच्या टोकानं पुसला.

"पहिले आले," ते म्हणाले. आणि पाणी मागितलं.

मग मांडवात जे झालं त्यावरून बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की संप जिंकला. माणसं उठून उभी राहिली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. पत्र्याच्या डब्यांवर ठेका धरला. गेटवरचा वॉचमन बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारू लागला, त्याला कुणी सांगितलं, आपण जिंकलो. पेढे आणायला माणूस धावला. म्हात्र्यांनी साहेबांचे दोन्ही हात धरले, वाकड्या मनगटासकट.

"सायेब, तुमचा चुकला."

"चुकला," साहेब म्हणाले.

"मंग आमचा पन चुकंल."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका थकवा त्याआधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकायला मिळाल्यावर माणूस असा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बसस्टॉपवर मी त्यांना विचारलं, "साहेब, खरंच काही होईल का?"

"नाही बाई. मशिनं जाणार."

"मग म्हात्र्यांना का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलंय," ते म्हणाले. बस आली.

मशिनं दिवाळीपर्यंतही थांबली नाहीत. जूनच्या आधीच, पोलीस बंदोबस्तात, ट्रेलर आले. म्हात्रे आणि दीडशे-दोनशे माणसं गेटसमोर आडवी बसली. साहेबही बसले, महिनाभर मांडवात बसून गुडघे आखडले होते तरी. पोलिसांनी उचलून बाजूला केलं. साहेबांना उचलायला आलेला शिपाई "काका, उठा ना, मला उचलायला लावू नका," असं म्हणत होता. साहेब म्हणाले, "तुमचं काम करा." त्यानं केलं.

समेट झाला तो कारखाना बंद झाल्यावर जसा होतो तसाच. एवढंच की जे पैसे मिळाले ते कंत्राटी माणसांनाही मिळाले. मालकाचा वकील त्याला शेवटपर्यंत तयार नव्हता. म्हात्रे म्हणत राहिले, देयाचा त सगल्यांना, नायतर सही नाय. आपल्या हक्काच्या माणसांना थोडं कमी पडेल, हे ठाऊक असून युनियननं ते मान्य केलं. या सगळ्याबद्दल पेपरात चार ओळी आल्या नाहीत.

साहेबांना मालकांनी पुन्हा बोलावलं होतं. झालं ते सोडून देऊ, नव्या जागी या, म्हणाले. काकू मला म्हणाल्या, "मी म्हटलं, जाऊ या. मुलीचं शिक्षण आहे. तर म्हणतात, तिकडची माणसं मला माहीत नाहीत." पुढे तुर्भ्याला म्हात्रे आणि आणखी पाच-सहा जणांनी मिळून पंप दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं, तिथं साहेब ड्रॉइंगं करून द्यायचे. हे दोन वर्षांत बंद पडेल, असं ते मला दर भेटीत सांगायचे. ते काही बंद पडलं नाही. साहेबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

मला मात्र त्यांचा एक दिवस राहून राहून आठवतो. ट्रेलर गेल्यानंतर चार-पाच दिवसांनी आम्हाला आपापलं सामान न्यायला आत सोडलं. मी माझी पेनं आणि पावडरचा डबा घेतला. साहेबांनी काहीच घेतलं नाही. ते खाली शॉपमध्ये गेले म्हणून मीही गेले. एवढी मोठी शेड, आणि आत काही नाही. मशिनं होती तिथं सिमेंटचे चौथरे, त्यांतून वर आलेले कापलेले बोल्ट, आणि जमिनीवर तेलाचे डाग. म्हात्रे आपल्या मशीनच्या चौथऱ्यावर बसले होते. आम्हाला बघून उठायला गेले आणि त्यांना उठता आलं नाही. तोंड हातांत झाकून ते रडायला लागले. एवढा मिशीवाला माणूस, आवाज न करता.

साहेब त्यांच्या शेजारी बसले. एकदा त्यांनी हात उचलला, पाठीवर ठेवावा की नाही ते ठरलं नाही, आणि परत मांडीवर घेतला. असे दोघं पुष्कळ वेळ बसले. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला.

शेवटी म्हात्र्यांनीच डोळे पुसले. "सायेब, जेवलाव काय?"

"नाही."

"चला. घरान चला. बाई, तुमी पन चला."

आम्ही चालत शिरवण्याला गेलो. म्हात्र्यांच्या बायकोनं पाट मांडले, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकटीचं कालवण होतं ते वाढलं. साहेब एरवी मासळीला हात लावत नसत आणि दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे, वाढलं तेवढंच जेवत. त्या दिवशी ते मान खाली घालून जेवत राहिले. बाहेर ओट्यावर म्हात्र्यांची आई तांदूळ निवडत होती, तेवढा सुपाचा आवाज.

भाकरी संपल्यावर साहेबांनी वर बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "थोडा भात असेल का?"